सक्तीची भरती आणि लढायला नकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात पलटण म्हणजे घरातलाच विषय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, पहाटे सोळाशे मीटरचं ग्राउंड मारणारी पोरं रस्त्यारस्त्यावर, आणि गल्लीत एखादे तरी पेन्शनर सुभेदार. त्यामुळे जगात कुठं सक्तीची भरती आणि तिला नकार देणाऱ्यांची बातमी आली की इथले प्रश्न जरा धारदारच असतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सलग वाचायची गरज नाही, पण लवादाबद्दलचा भाग सोडू नका. सगळं पाणी तिथंच मुरतं.

‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ म्हणजे नेमका कोण?

ज्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला माणूस मारू देत नाही, आणि म्हणून सरकारने सक्तीने बोलावलं तरी जो लढायला उघडपणे नकार देतो, तो. मराठीत यासाठी एकच रूढ शब्द नाही. इथे आम्ही ‘नकारकर्ता’ म्हणतो.

‘उघडपणे’ हा शब्द महत्त्वाचा. रात्रीतून पळून जाणारा तो फरारी. खोटा डॉक्टरी दाखला आणणारा तो लबाड. नकारकर्ता स्वतःचं नाव-पत्ता देऊन, कारण लिहून, ‘येणार नाही, काय शिक्षा द्यायची ती द्या’ असं सांगतो. सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात हिंडलग्याचा तुरुंग पाहून आलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

नकारकर्त्यांच्या तीन तऱ्हा असतात. पहिला वर्दी घालतो पण हत्यार घेत नाही; स्ट्रेचर उचलेल, जखमेवर पट्टी बांधेल. दुसरा वर्दीच घालत नाही, पण शेतात, जंगलात, इस्पितळात सरकार सांगेल ते नागरी काम करतो. तिसरा म्हणतो, ‘माझ्या कामामुळे दुसरा माणूस रणांगणासाठी मोकळा होत असेल तर तेही नको.’ सरकारं पहिल्याशी जमवून घेतात, दुसऱ्याशी कुरकुरत जमवतात. तिसऱ्याचं काय करायचं हे मात्र त्यांना कधीच धड सुचलेलं नाही.

आपल्याकडे कधी सक्तीची भरती होती का?

हिंदी लोकांवर कायद्याने नव्हती. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने सक्ती आली ती इथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर. १९४० मध्येही तसाच कायदा पुन्हा त्यांच्यापुरताच झाला. पहिल्या महायुद्धातले तेरा लाखांहून अधिक आणि दुसऱ्यातले सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक कागदोपत्री स्वेच्छेचे होते. कागदोपत्री म्हणायचं कारण, १९१७-१८ मध्ये पंजाबात जिल्हावार आकडे ठरवून दिले गेले आणि ते गाठण्यासाठी गावागावांवर दडपण आलं. कायद्यात सक्ती नाही म्हणून नकाराची कायदेशीर वाटही नाही. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर सक्तीच्या सगळ्यात जवळ आपण गेलो ते १९६३ मध्ये. चीनच्या युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली.

टिळकांनी भरतीला विरोध केला होता ना? मग तेही नकारकर्तेच?

नाही. इथे गल्लत हमखास होते. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावच्या प्रांतिक परिषदेत टिळकांची होमरूल लीग उभी राहिली. त्याच दिवसांत, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकलेल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आणि इंग्लंडात सक्तीची भरती सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तीन गोष्टी एकाच सुमाराच्या, पण एका माळेत ओवता येत नाहीत.

टिळकांची भूमिका सौद्याची होती : माणसं देतो, पण अधिकारपदं द्या, स्वराज्य द्या. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले. हा राजकीय नकार झाला. गांधीजींनी तर त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागितली होती. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमुळे गांधी म्हणजे अहिंसा हे समीकरण आपल्याकडे पक्कं आहे, म्हणून अनेकांना हे ऐकून धक्का बसतो.

आणि १९४० चे वैयक्तिक सत्याग्रही?

ते नकारकर्त्यांच्या बरेच जवळ येतात. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी सुरुवात केली. इंग्रजांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे आणि सर्व युद्धांचा अहिंसेने प्रतिकार करणं हेच योग्य, असं जाहीर बोलायचं आणि अटक करून घ्यायची. मात्र त्यांना कुणी भरतीला बोलावलेलं नव्हतं. गुन्हा युद्धविरोधी भाषणाचा होता, हुकूम मोडण्याचा नव्हता. म्हणून त्यांच्यावर साधा खटला चालला, कोर्ट मार्शल नाही. विनोबांना तीन महिने झाले आणि दुसरे सत्याग्रही नेहरू यांना चार वर्षं, यावरून शिक्षेला काही माप नव्हतं हेही दिसतं.

ब्रिटनमध्ये १९१६ ची पद्धत नेमकी कशी होती?

जानेवारी १९१६ मध्ये कायदा मंजूर झाला, २ मार्चपासून लागू झाला. आधी १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष, मे महिन्यात विवाहितही. कायद्याची मेख एका कलमात होती : वयात बसणारा प्रत्येक माणूस ठरलेल्या दिवसापासून सैन्यात दाखल झाला आहे असं *मानलं जाईल*. म्हणजे सही नको, शपथ नको, अंगठाही नको. सूट मिळाली नाही की तुम्ही सैनिकच, आणि घरी बसलात तर गैरहजर सैनिक.

सूट मागायची चार कारणं होती : देशाला गरजेचं काम, घरची अडचण, आजारपण आणि सदसद्विवेक. अर्ज जायचा स्थानिक लवादाकडे. म्हादईमुळे लवाद हा शब्द आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे, पण हे लवाद न्यायमूर्तींचे नव्हते. नगरपालिकेचे सदस्य, दुकानदार, जमीनदार, निवृत्त अधिकारी अशी गावातली वजनदार मंडळी, आणि त्यांच्या शेजारी बसलेला लष्कराचा प्रतिनिधी. या प्रतिनिधीला उलटतपासणीचा हक्क होता आणि निकालाविरुद्ध अपिलाचाही. वर अपील लवाद, त्याच्यावर केंद्रीय लवाद. ज्याच्याकडे माल विकायचा, ज्याच्याकडून भाड्याने घर घेतलं, त्याच्यापुढेच सदसद्विवेक सिद्ध करायचा. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने याचा अर्थ स्वतःच लावावा.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात अशा नकारकर्त्यांची संख्या साधारण १६,००० ते २०,००० धरली जाते.

लवादात काय विचारत?

ठरलेला प्रश्न : ‘जर्मन सैनिकाने तुझ्या आईवर किंवा बहिणीवर हात टाकला तर काय करशील?’

हा प्रश्न सापळा होता. ‘मारीन’ म्हटलं तर तू हिंसेच्या विरोधात नाहीस, अर्ज नामंजूर. ‘बघत राहीन’ म्हटलं तर तू माणूसच नाहीस, अर्ज नामंजूर. खरं उत्तर असं की घरात घुसलेल्या गुंडाला ढकलणं आणि सरकारच्या हुकमाने अनोळखी माणसांच्या रांगेवर गोळी झाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण एका सुनावणीला काही मिनिटंच मिळत. घाबरलेल्या विशीतल्या पोराला एवढ्यात हे मांडता येत नसे. ज्याला बोलता येतं त्याचा सदसद्विवेक खरा ठरतो, हा या सगळ्या पद्धतीतला सगळ्यात मोठा दोष. तो आजही पुरता गेलेला नाही.

दुसरी चूक कायदा वाचण्यातली. कायद्यात पूर्ण सूट, सशर्त सूट आणि तात्पुरती सूट अशा तिन्ही होत्या. पण सदसद्विवेकाच्या अर्जावर फार तर बिनहत्यारी सेवाच देता येते, असं अनेक लवादांनी धरलं. मार्च १९१६ मध्ये त्यासाठी बिनहत्यारी पलटण काढली, तिच्यात सुमारे ३,४०० माणसं गेली. वर्दी, शिस्त, सलाम सगळं लष्करी. काम रस्ते बांधणं, माल उतरवणं. क्वेकर या शांतिवादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपलं वेगळं रुग्णवाहिका पथक आधीच उभं केलं होतं. काही जणांना तिथे जागा मिळाली.

अर्ज नामंजूर झाला तर पुढे काय व्हायचं?

पोलीस घरी येत. मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन गैरहजर सैनिक म्हणून साधारण दोन पौंड दंड होई आणि माणूस लष्कराच्या ताब्यात जाई. बराकीत त्याच्यापुढे वर्दी टाकून ‘घाल’ असा हुकूम होई. नकार दिला की हुकूम मोडल्याचा गुन्हा. कोर्ट मार्शल. शिक्षा, बहुतेकदा ११२ दिवस सक्तमजुरी.

मे १९१६ मध्ये लष्करानेच हुकूम काढला की अशा कैद्यांना लष्करी कोठडीऐवजी नागरी तुरुंगात पाठवा. सुधारणाच म्हणायची, पण तुरुंग काही सौम्य नव्हता. पहिले चौदा दिवस गादी नाही, नुसती फळी. पहिला महिना कोठडीत एकट्याने. काम म्हणजे टपालाच्या जाड पिशव्या हाताने शिवणं; मेणाचा दोरा ओढून ओढून बोटं कापत. आणि मौन : दुसऱ्या कैद्याशी बोलायचंच नाही. मारहाणीपेक्षा या मौनाने माणसं जास्त खचली असं आमचं मत आहे. ओठ न हलवता बोलायला शिकणं, पाण्याच्या नळांवर ठोकून खुणा करणं हे सगळं त्यातूनच आलं.

११२ दिवस संपले की दारात पलटणीची तुकडी उभी. पुन्हा बराक, पुन्हा वर्दी, पुन्हा ‘घाल’. कायद्याच्या हिशेबात हा नवा हुकूम, नवा नकार, नवा गुन्हा. दुसऱ्या खेपेला शिक्षा वाढे, तिसऱ्या खेपेला आणखी, दोन वर्षांपर्यंत. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, हे तत्त्व न मोडता त्याला बगल देण्याची ही युक्ती होती. सुमारे सहा हजार जण तुरुंगात गेले. त्यातल्या सुमारे तेराशेंनी शेवटपर्यंत कुठलीच तडजोड केली नाही.

युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं, तरी सुटका १९१९ च्या एप्रिलपासून पुढे टप्प्याटप्प्याने झाली. सैनिक घरी यायच्या आधी हे नकोत, असा सरकारचा विचार. बाहेर आल्यावर पाच वर्षं मतदानाचा हक्क नाही. शिक्षक आणि सरकारी नोकर असलेल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच.

कुणाला फाशी किंवा गोळी घातली गेली का?

ब्रिटनने घातली नाही, पण वेळ आली होती. मे १९१६ मध्ये पन्नासेक नकारकर्त्यांना गुपचूप फ्रान्सला नेलं. कारण कायद्यातलं : इंग्लंडात हुकूम मोडला तर तुरुंग, रणभूमीवर, म्हणजे ‘सक्रिय सेवेत’ असताना मोडला तर मृत्युदंड देता येतो. तिथे आधी ‘फील्ड पनिशमेंट नंबर एक’ झाली : खांबाला किंवा तारेच्या कुंपणाला हात ताणून बांधायचं, दिवसातून दोन तासांपर्यंत, चारपैकी तीन दिवस. तरीही कुणी बधलं नाही. जूनमध्ये ३५ जणांना सगळ्या पलटणीसमोर उभं करून शिक्षा वाचली : गोळी घालून मृत्यू. वाचणारा थांबला. मग पुढची ओळ : शिक्षा बदलून दहा वर्षं सक्तमजुरी. तोवर लंडनला संसदेत बोंब झाली होती आणि पंतप्रधान अ‍ॅस्क्विथनी हात आखडता घेतला होता.

तुरुंगातले हाल आणि आजारपण यांमुळे मात्र माणसं गेली. ब्रिटनमधल्या स्मारकफलकावर अशी सत्तरहून अधिक नावं आहेत.

तुरुंगाऐवजी कामाची छावणी दिली होती म्हणे?

हो. १९१६ च्या उन्हाळ्यात गृहखात्याने योजना काढली : केंद्रीय लवादाला तुमचा सदसद्विवेक खरा वाटला तर तुरुंगाऐवजी काम. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ डाइसच्या ग्रॅनाइट खाणीत सुमारे अडीचशे जणांना गळक्या तंबूंत ठेवून रस्त्याची खडी फोडायला लावली. तुरुंगातून आलेली अशक्त, बहुतेक कारकुनी-मास्तरकी करणारी माणसं, आणि पाऊस. खानापूर-कणकुंबीकडचा श्रावण अंगावर घेतलेल्याला गळका तंबू म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्यात तिकडची थंडी मिळवा. सप्टेंबरात एका तरुणाचा न्यूमोनियाने मृत्यू झाला आणि ऑक्टोबरात छावणी गुंडाळली. नंतर डार्टमूरचा रिकामा केलेला तुरुंग वापरला. कोठड्यांची कुलपं काढली आणि हजारावर माणसं ठेवली. योजना फसली कारण कामाला अर्थ नव्हता. जमीन यंत्राने नांगरायची सोय असताना माणसं लावणं ही शिक्षा आहे, सेवा नाही, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

दुसऱ्या महायुद्धात काही सुधारलं का?

ब्रिटनमध्ये बरंच. १९३९ च्या लवादावर अध्यक्ष म्हणून न्यायाधीश असे आणि लष्कराचा प्रतिनिधी काढून टाकला. सुमारे साठ हजारांनी नकारकर्ते म्हणून नोंद केली. निकाल चार प्रकारचे : बिनशर्त सूट, नागरी कामाच्या अटीवर सूट, बिनहत्यारी सैन्यसेवा किंवा नाव यादीतून रद्द. बिनशर्त सूट थोड्यांनाच, सुमारे तीन हजारांना. १९४१ च्या अखेरीस स्त्रियांनाही सक्ती झाली, त्यामुळे नकारकर्त्या स्त्रियाही लवादापुढे आल्या.

अमेरिकेत पहिल्या युद्धात फक्त जुन्या शांतिवादी पंथांच्या सभासदांना, आणि तीही बिनहत्यारी सेवेपुरतीच सूट होती. हटराइट पंथाचे होफर बंधू वर्दी नाकारल्यामुळे अल्काट्राझ आणि मग लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेले आणि त्यातले दोघे १९१८ च्या अखेरीस तिथेच वारले. घरच्यांना शवपेटीत एकाचा मृतदेह दिसला तो वर्दी चढवलेला. १९४० च्या कायद्यानंतर सुमारे बारा हजार जण नागरी सेवा छावण्यांत गेले : जंगलातली आग विझवणं, मृदसंधारण, मनोरुग्णालयात शुश्रूषा. पगार नाही. खर्च मेनोनाइट, ब्रेदरन आणि क्वेकर या चर्चांनी उचलला. सुमारे सहा हजार तुरुंगात गेले.

जर्मनीत लवादही नव्हता आणि छावणीतलं पर्यायी कामही नव्हतं. यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या अडीचशेहून अधिक माणसांना देहदंड झाला. ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याला ९ ऑगस्ट १९४३ ला मारलं; २००७ मध्ये चर्चने त्याला धन्य घोषित केलं. युद्धानंतर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीने राज्यघटनेच्या चौथ्याच कलमात लिहून ठेवलं की सदसद्विवेकाविरुद्ध कुणालाही हत्यार घ्यायला लावता येणार नाही.

स्पष्ट विचारतो : हा भेकडपणा नाही का?

काहींच्या बाबतीत असेलही. लवाद त्यासाठीच असतो. पण नोंदी काय सांगतात? ब्रिटनमध्ये बिनहत्यारी पलटणीतल्या साडेचारशेहून अधिक माणसांनी स्वतःहून न फुटलेले बाँब निकामी करायचं काम मागून घेतलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ नकारकर्ते स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी, पुढ्यात बटाटे, सलगम, पाव, आणि वर आठवड्याला ठरलेलं चालणं. वजन साधारण पाव भागाने घटलं, पाय सुजले, माणसं दिवसभर फक्त जेवणाचंच बोलू लागली. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं याचं बरंचसं ज्ञान तिथून आलं. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यावरून जखमी सैनिक एकेक करून दोरीने खाली सोडणारा अमेरिकन फौजेतला डेस्मंड डॉस पिस्तूलही बाळगत नव्हता. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, सुमारे ७५ माणसं वाचवल्याबद्दल.

पलटणीतल्या माणसाने या उत्तरावर समाधानी व्हावं असं नाही. त्याचा खरा आक्षेप वेगळा असतो : ‘तू नाही म्हणालास, म्हणून तुझ्या जागी माझा पोरगा गेला.’ या आक्षेपाला कुठल्याही लवादाकडे उत्तर नाही. पर्यायी सेवा म्हणून द्यायची तर ती तितकीच कष्टाची हवी, हा विचार तिथूनच आला.

जैन किंवा वारकरी माणूस आपोआप नकारकर्ता ठरेल का?

आपोआप कुणीच ठरत नाही. बेळगाव जिल्ह्यात दिगंबर जैन समाज मोठा, म्हणून हा प्रश्न येतो. जैन आचारधर्मात हिंसेचे चार प्रकार सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा सोडायची असते. स्वतःच्या किंवा राज्याच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण वर्ज्य नाही. जैन राजे आणि सेनापती झाले ते याच आधारावर. म्हणजे लवादापुढे ‘मी जैन आहे’ एवढं पुरणार नाही. ‘मी विरोधी हिंसाही सोडली आहे आणि गेली इतकी वर्षं असा जगतो आहे’ हे दाखवावं लागेल. माळ घातलेल्या वारकऱ्याचंही तेच. मांसाहार सोडणं हा पुरावा आहे, पण अर्धा. उलट, देव न मानणाराही नकारकर्ता असू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ आणि १९७० च्या निकालांत मान्य केलं की श्रद्धेइतकीच खोल नैतिक धारणा पुरते.

‘हेच युद्ध नको, दुसरं चालेल’ असं म्हणता येतं का?

बहुतेक देशांत नाही, आणि बरेच अर्ज इथेच फेटाळले जातात. अमेरिकन मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने व्हिएतनाम युद्धाच्या काळात, २८ एप्रिल १९६७ ला, ह्यूस्टनमध्ये भरतीसाठी नाव पुकारल्यावर पुढे पाऊल टाकलं नाही. पाच वर्षांची कैद, दहा हजार डॉलर दंड, किताब गेला, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती तांत्रिक मुद्द्यावर : अपील मंडळाने अर्ज कोणत्या कारणाने फेटाळला हेच नोंदवलं नव्हतं. आणि त्याच वर्षी त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात स्पष्ट केलं की एका विशिष्ट युद्धाला विरोध हा सूट मिळण्याचा आधार होत नाही. इस्रायलच्या न्यायालयानेही २००२ मध्ये असाच निकाल दिला.

तर्क सरकारच्या सोयीचा आहे. पण ज्याला न्याय्य युद्ध आणि अन्याय्य युद्ध असा फरक करता येतो, त्याचीच सदसद्विवेकबुद्धी जास्त जागी म्हणायला हवी, असं आम्हाला वाटतं. कायदा मात्र असं मानत नाही.

आज आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो?

नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात, ज्यात भारत १९७९ मध्ये सामील झाला, हा हक्क नावाने लिहिलेला नाही. कलम १८ मधल्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्यातून तो निघतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये म्हटलं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०११ मध्ये आर्मेनियाच्या खटल्यात तसाच निकाल दिला.

कागद आणि बराक यांतलं अंतर पाहायचं तर दक्षिण कोरिया पाहा. १९५० पासून २०१८ पर्यंत तिथे हजारो यहोवाचे साक्षीदार तुरुंगात गेले, अलीकडे ठरलेली शिक्षा १८ महिने. २०१८ मध्ये घटना न्यायालयाने पर्यायी सेवा द्यायला सांगितलं. २०२० मध्ये ती सुरू झाली : ३६ महिने, तुरुंगात राहून, स्वयंपाक आणि सफाई. साध्या सैनिकाच्या साधारण दुप्पट मुदत, आणि जागाही तीच. रशियाच्या घटनेत पर्यायी नागरी सेवा आहे, पण २०२२ मध्ये युद्धासाठी सक्तीने बोलावलेल्यांसाठी तिची पद्धतच ठरलेली नव्हती. युक्रेनमध्ये पर्यायी सेवेचा कायदा शांतताकाळासाठीचा. मार्शल लॉ लागल्यावर ती वाट बंद झाली. सवलत शांततेत असते आणि युद्धात गायब होते, हा अनुभव १९१६ च्या उलटाच म्हणायचा. तेव्हा निदान युद्धाच्या ऐन भरात कलम लिहिलं गेलं होतं.

अर्ज कुठे फसतात?

लवाद किंवा मंडळ कुठल्याही देशाचं असो, चुका त्याच त्याच.

उशीर : बोलावणं हातात पडल्यावर लिहिलेला अर्ज संशयाने वाचला जातो. म्हणून आधीच, तारखेनिशी, स्वतःच्या शब्दांत निवेदन लिहून ठेवतात. उसनी भाषा : दहा अर्जांत तोच परिच्छेद दिसला की दहाही पडतात. राजकारण : सरकारवरची टीका खरी असली तरी अर्जात ती आली की ‘हा युद्धविरोधक नाही, सरकारविरोधक आहे’ असा शेरा बसतो. वागण्यातला विसंवाद : शिकारीचा छंद, बंदुकीचा परवाना, जुनी फुशारकीची पोस्ट. आणि साक्षीदार : घरच्यांपेक्षा शिक्षक, कामावरचा वरिष्ठ किंवा तुमच्या मताशी *असहमत* असलेला शेजारी यांचं पत्र जड पडतं. त्याने एवढंच लिहायचं की हा माणूस पूर्वीपासून असाच आहे.

उद्या भारतात सक्ती आली तर?

संसदेला कायदा करावा लागेल. घटनेच्या अनुच्छेद २३(२) नुसार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादता येते, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेद करता येत नाही. अनुच्छेद ५१क मध्ये बोलावल्यास राष्ट्रसेवा करणं हे मूलभूत कर्तव्य आहे, पण निव्वळ कर्तव्यावरून कुणाला शिक्षा होत नाही. अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे. १९८६ मध्ये केरळच्या तीन शाळकरी मुलांना राष्ट्रगीत न गाता नुसतं आदराने उभं राहण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली ती याच बळावर. पण अनुच्छेद ३३ सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क कमी करण्याची मुभा संसदेला देतो. म्हणजे आधार शोधायचा तो वर्दी चढण्याआधी. आज तरी नकारकर्त्यासाठी भारतात वेगळं कलम नाही, कारण सक्तीच नाही.

अग्निवीर झाल्यावर मन बदललं तर?

हा प्रश्न खरं तर या पानाचा नाही, पण सगळ्यात जास्त हाच येतो. अग्निवीर स्वेच्छेने जातो. चार वर्षांच्या मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडायची मुभा नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच सुटता येतं. अठराच्या आतल्या मुलाच्या भरतीच्या कागदावर आईवडिलांची सही लागते. ती करताना हे वाचा. मन बदललं तर लेखी अर्ज कमांडिंग ऑफिसरकडे द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत हजर राहायचं. रजेवर येऊन परत न जाणं हा सगळ्यात वाईट मार्ग. १९५० च्या सैन्य कायद्यात पळून जाण्याला एरवी सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण सक्रिय सेवेत असताना किंवा तिचा हुकूम निघाल्यावर पळाल्यास मृत्युदंडापर्यंत तरतूद आहे. फ्रान्सला नेलेल्या त्या माणसांवरची तलवार हीच.

मुलगा परदेशात आहे. त्याला तिथलं सैन्य बोलावू शकतं का?

देश आणि व्हिसा यावर ठरतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलेला १८ ते २५ वयाचा मुलगा सैन्यसेवेच्या नोंदणीखाली येतो. वैध विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावरचा येत नाही. १९७३ पासून तिथे प्रत्यक्ष सक्तीची भरती झालेली नाही आणि नोंदणीच्या वेळी ‘नकारकर्ता’ असा रकाना नसतो. तो अर्ज बोलावणं आल्यावरच.

सिंगापूरमध्ये आईवडील कायम रहिवासी झाले आणि मुलालाही त्यांच्यामार्फत तो दर्जा मिळाला, तर मुलाला दोन वर्षांची सेवा लागते. नोंदणी साडेसोळाव्या वर्षापासून. सदसद्विवेकाची सवलत नाही, नकाराला लष्करी कोठडी आहे. सेवा न करता दर्जा परत केला तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला परवाना मागताना ते आडवं येतं. म्हणून मुलाचा अर्ज भरण्याआधी, तो पाचवी-सहावीत असतानाच, हा हिशेब घरात बसून करून ठेवा.